वांगी रंगाची उमेदवार

माझ्या सल्ल्यानं कपडे घालून कुणाचं भलं झालं, असं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे आज मी शांतपणे लिहू शकतो, कारण प्रकरण मिटलेलं आहे. पण महापालिकेच्या निवडणुकीत आमची जागा महिलांसाठी राखीव झाली आणि पुंडलिकनगरातल्या बायांनी माझ्या बायकोला, सुनीताला, अपक्ष उभं राहायला लावलं, तेव्हा मला वाटलं की जन्मभर शाळेत चित्रकला शिकवल्याचं आता चीज होणार! सुनीताच का? तर टँकर. आमच्या गल्लीतला पाण्याचा टँकर दहा वर्षं केवळ तिच्या धाकानं वेळेवर येत होता. तिला लांबून बघितलं तरी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडायचा. पण तिचा अवतार कायम एकच. धुऊन धुऊन विटलेली लिंबू रंगाची सुती साडी, कमरेला खोचलेला पदर आणि पायात रबरी चप्पल.

"हे चालणार नाही," मी जाहीर केलं.

"काय नाय चालणार?"

"ही साडी! पुढाऱ्याची एक प्रतिमा असते, सुनीता. रंग असतो, कट असतो. लोक आधी कपडे बघतात आणि मग माणूस."

"टँकर आणला तवा कुणी नाय बघितले माझे कपडे."

"तेव्हा ते तहानलेले होते!"

यावर ती काहीच बोलली नाही. (ती काही बोलत नाही तेव्हा मला ते संमती वाटतं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी ही सवय जात नाही.)

मी जेवणाच्या टेबलावर रंगचक्राचा तक्ता पसरला आणि एकेक रंग तपासायला घेतला. भगव्याला मालक होते. हिरव्याला मालक होते. निळा, पिवळा, तिरंगी, सगळ्यांचे सातबारे कधीच झालेले होते. पांढरा तर सगळ्यांचाच, म्हणजे आमच्या काही उपयोगाचा नाही. गुलाबी शिल्लक होता, पण समोरच्या गल्लीतल्या एका अपक्षानं कार्यकर्त्यांना गुलाबी उपरणी घालून तो आदल्याच दिवशी पळवला. शेवटी उरला वांगी. शांत, भारदस्त आणि जगातल्या कुठल्याही झेंड्यावर नसलेला! ठरलं. सुनीता मतदानापर्यंत रोज वांगी रंगाचीच साडी नेसणार, म्हणजे लांबून वांगी ठिपका दिसला की मतदार म्हणणार, आल्या ताई!

औरंगपुऱ्यातल्या दुकानात शेठनी आधी दोनचार साड्या दाखवल्या. मी म्हणालो, "एकसारख्या पाहिजेत. सात."

शेठनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं. "एकसारख्या पाहिजे तर वर चला सर. वरच्या माळ्यावर पूर्ण लॉट आहे."

वरच्या माळ्यावर वांगी साड्यांची छताला टेकलेली चळत होती. मी कापड दोन बोटांत चोळून बघितलं, जाणकारासारखं डोळे मिटून मान हलवली आणि सात साड्या उचलल्या. इतका सुंदर रंग शेठनी वर का लपवून ठेवला असेल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

आता उमेदवारीण वांगी म्हटल्यावर तिचा नवरा साध्या बुशशर्टात कसा हिंडणार? सातवी साडी मी गुपचूप आमच्या इक्बालभाई टेलरकडे नेली आणि म्हटलं, जाकीट शिवा.

"साडी का जाकीट?" इक्बालभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "भाभी को मालूम है?"

"सरप्राइज आहे."

"ठीक है. मगर सर, गला मैं ऊंचा रखता. अंदर डबल बकरम डालता. लीडर आदमी की गर्दन झुकनी नै चाहिए."

नाही झुकली! त्या कडक अस्तराच्या गळपट्टीत मान एकदा घातली की ती सरळ समोर. डावीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे, आणि खाली बघायचं म्हणजे बसावंच लागे. पण आरशात मी आमदाराच्या खालचा दिसत नव्हतो. सुनीतानं मला बघितलं आणि कुणी सोफ्याला पाय पुसावेत तसा चेहरा केला. "सोफ्याचं कव्हर घातल्यावानी दिसायलात," एवढंच म्हणाली.

बॅनर मात्र झकास झाला. वांगी साडीत हात जोडलेली सुनीता चौकाचौकात झळकली. बाया थांबून बघायला लागल्या. शेजारच्या कदम वहिनींनी तर मला दारातच गाठलं.

"सर, वहिनींची साडी लई भारी हो! कुठून घेतली?"

"औरंगपुरा," मी मान न हलवता म्हणालो (हलतच नव्हती). "माझी निवड आहे. दुकानाचं नाव देतो, माझं नाव सांगा."

कदम वहिनींच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं. त्यांनी दुकानात जाऊन माझं नाव सांगितलं.

लग्नाला सुनीता येऊ शकली नाही, ती घरोघर फिरत होती. मी गेलो. कार्यालयाच्या दाराशी हात जोडून उभा राहिलो, तेवढ्यात पंगतीतून हाक आली. "ओ जाकीटवाले, इकडं जिलबी आणा की!"

मी अख्खं अंग वळवून बघितलं. केटरिंगवाल्याची सगळी माणसं उंच गळपट्टीच्या जाकिटात होती. त्यांची मरून होती, माझं वांगी, पण जिलबीची वाट बघणाऱ्या माणसाला एवढा फरक कळत नाही. मी रागवणार होतो, पण मनात आलं, अरे, हीच तर सेवा! नम्रता! प्रतिमा! मी जिलबी वाढली. मग मठ्ठा वाढला. एका पाहुण्यानं तर मला भाताला उशीर केला म्हणून झापलं.

भात वाढून संपला आणि कदम वहिनी घाईघाईनं आल्या.

"सर, तुम्ही मोकळेच दिसता. एवढ्या आहेराच्या साड्या बायांना देता का? मी हळदीकुंकू लावीत पुढं चालले, तुम्ही मागून पिशव्या द्या फक्त."

दिल्या ना! एकेका बाईसमोर उभं राहून, दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून (मान कुठली वाकते!) पिशवी देत होतो आणि प्रत्येकीला म्हणत होतो, "लक्ष असू द्या ताई." पिशवीत काय आहे ते मला दिसत नव्हतं. डबल बकरमच्या पलीकडचं जग मला त्या दिवसांत दिसतच नव्हतं. आमच्या विरोधी उमेदवार लताताई डोईफोडे, त्यांच्या सासूबाई गयाबाई यांनाही मी तितक्याच प्रेमानं पिशवी दिली.

"लक्ष असू द्या मावशी."

"ठेवते बाबा," गयाबाई म्हणाल्या.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराला माझं जाकीट फार आवडलं असावं. तो वहिनींना सोडून माझ्याच मागं फिरत होता. मी त्याच्याकडे बघून दोनदा हसलोही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीसमोर सुनीताची कोपरा सभा होती. मी खुर्च्या मांडत होतो. समोरच्या गल्लीतून वांगी साडीतली एक बाई आली. मग दोन आल्या. मग सात. मग सगळी गल्लीच वांगी झाली! आहेराची साडी बाई सहसा नेसत नाही. घडी न मोडता ती कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते. पण ही साडी उमेदवाराच्या अंगावर, बॅनरवर बघितलेली! भारीच असणार, म्हणून एकजात सगळ्यांनी घडी मोडली होती. मला आधी वाटलं, आपली लाट आली.

"अवो," व्यासपीठावरून सुनीता दबक्या आवाजात म्हणाली, "या सगळ्या माझ्यावानी का दिसायल्यात?"

"तुझी प्रतिमा," मी भारावून म्हणालो, "घराघरांत पोचली!"

स्वागताचा हार घेऊन आलेल्या आजोबांनी तो आधी कदम वहिनींच्या जावेला घातला, मग चुकलं म्हणून काढून पोस्टातल्या बाईंना घातला, आणि तिसऱ्या खेपेला तो सुनीताला मिळाला, तोवर त्यातली निम्मी फुलं गळाली होती.

आणि जीप आली. निवडणुकीचं भरारी पथक! पुढं एक साहेब, मागं कॅमेरावाला, आणि त्यांच्या मागं लताताई डोईफोडे. "बघा साहेब, बघा," लताताई ओरडल्या, "अख्ख्या वॉर्डाला साड्या वाटल्या! पुरावा अंगावर हाये!"

साहेबांनी मोबाईल सुनीतासमोर धरला. लग्नाचा व्हिडिओ होता, गल्लीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरलेला. मागं सनई. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत. आणि मधोमध मी, संथ गतीत, जाकिटात, वाकून वाकून साड्या देतोय. "लक्ष... असू... द्या... ताई..."

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

सुनीतानं माझ्याकडे बघितलं. लग्नात मी काय केलं हे मी तिला सांगितलंच नव्हतं, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. "आमचे मिस्टर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. टँकरवाल्याला कापरं भरवणारी ही बाई, तिचा आवाज मी तीस वर्षांत पहिल्यांदा चिरकताना ऐकला.

"ताई, हे सिद्ध झालं तर तुमचं अवघड आहे," साहेब म्हणाले. "उमेदवारीवर येईल."

उन्हातान्हात दारोदार ती हिंडली होती आणि एका जाकिटापायी मी तिचं सगळं मातीत घातलं होतं. मला खरंच रडू आलं. मान खाली घालावीशी वाटली, तीही घालता येईना!

"साहेब, ती आहेराची साडी आहे," मी कसाबसा म्हणालो. "मी फक्त... वाढत होतो."

"वाढत होतो म्हणजे?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गयाबाई आल्या. जीप कशाला आली ते बघायला आल्या होत्या. अंगावर वांगी साडी!

लताताईंचा चेहरा साडीच्याच रंगाचा झाला. "आत्याबाई! तुम्ही कशाला नेसल्या ती?"

"का? बॅनरवर तिला कशी खुलून दिसती! म्हणलं, मी बी नेसावं."

साहेबांनी मोबाईल खाली केला. "सर, तुम्ही विरोधी उमेदवाराच्या सासूलासुद्धा साडी दिलीत?"

"हो साहेब. आग्रहानं."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "आहेर कुणाचा होता? काही लिहिलेलं आहे?"

"हाये की!" कदम वहिनी ताठ मानेनं पुढं झाल्या. घरी पळत जाऊन आहेराची वही घेऊन आल्या आणि सुनीता सुटावी म्हणून, चांगल्या मनानं, ती साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी, पंचनामा असल्यामुळे, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"मानाच्या बायका, पैठणी. जवळच्या बायका, सिल्क." त्यांनी पान उलटलं. "इतर, वांगी."



"मी इतर?" गयाबाईंनी पदर उलटा केला. आतल्या काठाला चिठ्ठी स्टेपल केलेली होती, आणि त्यावर कदम वहिनींच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'इतर'. त्या कदम वहिनींवर कडाडल्या, "सुमे, तुझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी वळले गं? तवा नव्हते मी इतर!"

मग सगळ्यांनीच काठ उलटे केले. कदम वहिनींची सख्खी जाऊ निघाली इतर! पोस्टातल्या बाई इतर! ज्यांनी वहिनींना लग्नासाठी घरातली सगळी पातेली दिली त्याही इतर! त्यानंतर जे झालं त्यापुढं निवडणूक म्हणजे काहीच नव्हे. लताताई सासूला आवरत होत्या, जाऊ वहिनींना जाब विचारत होती, आणि पथकाचे साहेब हाताशी आलेल्या खुर्चीवर बसून घाईघाईनं लिहीत होते, 'खासगी आहेर, तक्रारीत तथ्य नाही.' जाता जाता त्यांनी आमच्या बॅनरकडे बघितलं आणि सुनीताला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही पण इतरमध्येच का?"

आता मला शेठचा वरचा माळा कळला. तिथं देण्याघेण्याच्या स्वस्त साड्या असतात. पंधरा दिवस मी माझ्या बायकोला, प्रतिमा म्हणून, तीच नेसवत होतो!

सुनीता तडक घरात गेली. पाच मिनिटांत परत आली ती लिंबू रंगाच्या सुती साडीत, पदर खोचून. तिनं माइक घेतला. "आहेराचं नंतर भांडा. टाकीचा वॉल्व रोज कोण बंद करतंय ते आधी बोलू." काठ सोडून सगळी गल्ली खुर्च्यांवर बसली. त्या वांगी गर्दीत ती एकटीच लिंबू, मागच्या रांगेतूनही तीच दिसत होती. सभा रंगली. मी टाकीमागून ऐकली.

सुनीता निवडून आली. मी सगळ्यांना सांगतो की योजना माझीच होती, उमेदवार गर्दीत उठून दिसली पाहिजे. फक्त वांगी रंग कुणी नेसायचा एवढाच तपशील चुकला. यावर लोक हसतात, आणि सुनीता काही बोलत नाही. (संमती!)

सत्काराला कदम वहिनी आल्या. सुनीताला त्यांनी पैठणी दिली, चिठ्ठीवर 'मानाची'. मलाही पिशवी दिली, "सर, तुमच्यामुळंच सगळं झालं हो," असं म्हणून. आत शर्टपीस होता. त्या दिवशी मी जाकीट घातलेलं नव्हतं, त्यामुळे मान छान खाली वळत होती. कापडाच्या कोपऱ्यात चिठ्ठी स्टेपल केलेली होती, ती मी व्यवस्थित वाचली. 'इतर.'