बॅटरीचा अर्धा वेढा

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका कारखान्यात आम्ही लष्करासाठी वायरलेस सेट बनवायचो. मी टेस्टिंगचा इंजिनीअर, तिशीच्या आतला. माझ्याइतका शहाणा माणूस अंधेरी ते बोरिवली शोधून सापडणार नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

सेट आमचा, बॅटरी मुलुंडची, एरियल घाटकोपरचं. तिन्ही वस्तू आपापल्या जागी पास व्हायच्या, शिक्के बसायचे आणि त्यांची पहिली गाठ पडायची ती थेट सीमेवर. आम्ही सेट कायम भिंतीतल्या विजेवर तपासायचो. बॅटरी ही मुलुंडवाल्यांची डोकेदुखी, आमची नव्हे.

जवानांना सेट वापरायला शिकवताना मदतीला म्हणून कंपनीने एक निवृत्त सुभेदार ठेवले होते. मूळचे मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीला. पहिले सेट त्यांच्याच जुन्या पलटणीला जायचे होते, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा आता त्या पलटणीत, बर्फातल्या ठाण्यावर होता. म्हणून म्हातारा हात धुऊन माझ्या मागे लागला होता.

“सायबानू, नुसतो सेट काय कामाचो? ब्याटरी, एरियल, माणूस, सगळां एकत्र येऊक व्हयां. पोरांक एक दिवस आमच्या जोगेश्वरीच्या टेकडीवर नेऊया. ब्याटरीच्या प्लगात एक खोच आसा, ती हातान केल्याशिवाय कळाची नाय.”

“सुभेदार, टॉर्चमध्ये सेल घालता येतो ना त्यांना? मग झालं.”

“माज्या पलटणीतल्या झिलाक ती खोच मी पत्रात लिवलंय. पण एकट्याक म्हायत आसान काय उपेग?”

“नाचता येईना अंगण वाकडं,” मी म्हणालो. “प्लग लावता येत नाही अशांना भरती तरी कशाला करतात?”

शिकायला आलेल्या जवानांसमोरच म्हणालो. आमची कारखान्याची माणसं हसली, आणि मला फार बरं वाटलं.

तीन दिवसांचं प्रशिक्षण मी एका दुपारीत उरकलं, कारण संध्याकाळी मला पार्ल्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. एसी लावलेल्या खोलीत इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवली. ती मीच लिहिली होती. जवान माना डोलवत होते, त्यातल्या किती जणांना इंग्रजी कळतं हे मी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात बातमी आली. गस्तीवर असताना सुभेदारांचा मुलगा घसरून खाली कोसळला, डोक्याला मार बसून बेशुद्ध झाला. सोबत्याने मदत मागायला सेट काढला, पण सेट मुका. शेवटी तो पायी खाली उतरला आणि दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन वर पोचला. तोवर सगळं संपलं होतं. दोघांपैकी ज्याला खोच ठाऊक होती, तोच शुद्धीवर नव्हता.

महिन्याभराने तो सेट तपासणीसाठी माझ्या टेबलावर आला, सोबत त्याची बॅटरी. सुभेदार कामावर परतले होते, ते समोर उभे राहिले. मी सेट भिंतीला जोडला. तो लगेच खरखरला.

“बघा,” मी म्हणालो, “सेट ठणठणीत आहे.”

त्यांनी बॅटरी पुढे सरकवली. मी प्लग दाबला. खट्‌ असा आवाज झाला, प्लग नीट बसल्यासारखा दिसला, पण सेटवरचा दिवा लागेना. काढून परत दाबला. आणखी एकदा. सुभेदारांनी हात पुढे करून प्लगाला दोन बोटांनी अर्धा वेढा दिला. दिवा लागला.

“माज्या झिलाच्या सोबत्याचीव हीच चूक झाली,” ते म्हणाले. “तो तरी बर्फात होतो, सायबानू.”

ते गेल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं. ‘सेट निर्दोष. चूक हाताळणाऱ्याची.’ खाली सही केली, आणि पुढच्याच वर्षी मला बढती मिळाली.