गोणपाटातले शंभर दाणे

केजच्या प्रशिक्षणात साहेबांनी आम्हा चाळीस शिक्षकांना दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं केलं. यानं आत्मविश्वास वाढतो, परदेशात सिद्ध झालंय म्हणे; उद्यापासून मुलांकडूनही करून घ्यायचं. परतताना नांदूरघाटच्या जीपमध्ये मी हे शेजारच्या म्हाताऱ्याला ऐटीत सांगितलं.

"दुसऱ्या कुणी करून बघितलं का, गुरुजी?"

"पुस्तकात छापलंय."

त्यानं मांडीवरचं ओलं गोणपाट उलगडलं. पेरणीआधी तपासायला भिजवलेले सोयाबीनचे शंभर दाणे होते. कोंब जेमतेम वीसेक.

"बियाण्याच्या पिशवीवर बी छापलंय, लई उगवतंय म्हणून. दुकानदार म्हणतो, कंपनीत उगवलं. मग माझ्या घरी कावून उगवंना?"

त्यानं गोणपाट जपून गुंडाळलं. आम्ही चाळीस पदवीधरांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या, आणि उद्या मी तेच बियाणं वर्गात पेरणार होतो.