न रडणारी मैत्रेयी

श्रीपाद गेल्यावर सगळ्यांना वाटलं, देवयानी आता साताऱ्याला परतणार. रेल्वेत इंजिनिअर असलेल्या नवऱ्यामागोमाग ती लखनौला आली होती. तोच नाही म्हटल्यावर इथे उरलं काय? पण लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतला फ्लॅट तिने सोडला नाही. तेराव्याला जमलेली माणसं जाताना म्हणाली, "मोठी धीराची बाई." मग फारसं कुणी फिरकलं नाही. धीराच्या माणसाकडे कोण कशाला येतं?

पुढे तिला गोमती नगरात लहान मुलांवरच्या एका संशोधनात काम मिळालं. मुलाच्या छातीवर ठोके टिपणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या आणि त्याला पारदर्शक पेटीसमोर बसवायचं. पेटीत खेळणं, पेटीला कुलूप, आणि हातात दिलेल्या जुडग्यातली एकही किल्ली न लागणारी. मूल वैतागायचं, पाय आपटायचं, आईला हाका मारायचं. मग थोडी विश्रांती आणि पुन्हा एक फेरी. शेवटी खेळणं त्याचंच. देवयानी काचेपलीकडून पडद्यावर बघत असायची. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात, हे तिला संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर सलोनींनी शिकवलं होतं. मूल चिडलं की ही चढउताराची लाट दबते. सावरलं की परत दिसू लागते. बहुतेक मुलांची विश्रांतीत परत यायची.

एका सकाळी बख्शी का तालाबच्या हवाई तळावरून विनीता नावाची एक मराठी बाई तिच्या मुलीला, मैत्रेयीला, घेऊन आली. नवरा हवाई दलात, नुकतीच त्याची लेहला बदली झालेली. विनीता कौतुकाने म्हणाली, "ताई, आमची मैत्रेयी फार शहाणी आहे हं. बाबा गेले तेव्हासुद्धा रडली नाही."

मैत्रेयी पेटीसमोर बसली. एकेक किल्ली लावून पाहिली, लागली नाही तशी बाजूला ठेवली. ना हाक, ना हुंदका. पडद्यावर मात्र ठोके धावत सुटले होते. विश्रांती आली, तरी ते उतरेनात. पोर मांडीवर हात ठेवून काचेकडे बघून हसली.

मूल रडवेलं झालं तरच थांबायचं, असा नियम होता. ही तर हसत होती. दुसऱ्या फेरीची वेळ झाली. देवयानी उठली आणि सरळ आत गेली.

"मैत्रेयी, यातली एकही किल्ली लागत नाही गं. आम्हीच चुकीच्या दिल्या."

"एक भी नहीं?"

"एकही नाही."

पोरीचा ओठ थरथरला. मग ती जी रडायला लागली! देवयानीने तिला मांडीवर घेतलं. मागोमाग विनीता धावत आली आणि दारातच थबकली. "अगं बाई, ही तर रडत नाही कधी!"

"रडू द्या," देवयानी म्हणाली. "तिला शहाणी म्हणू नका आता थोडे दिवस. नुसत्या जवळ बसा."

विनीता आत आली. खाली बसून तिने लेकीला आपल्याकडे ओढून घेतलं. मायलेकी मग बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

सलोनींनी सगळं ऐकून घेतलं. "नोंद वाया गेली, देवयानीजी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपण थांबायचा नियमच बदलायला हवा. चेहरा नाही, ठोके बघून."

हे कुणाला तरी सांगावंसं वाटत असतानाच देवयानी संध्याकाळी घराजवळच्या कपूरथला बाजारात ई-रिक्षातून उतरली. साताऱ्याला भावाला फोन लावला. तो घाईत होता. सब्जीवाल्याकडे भेंडी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "भैया, आज एक बच्ची बहुत अच्छा रोई."

त्याने तराजू हातातच धरून तिच्याकडे पाहिलं. "आपकी नातिन है, आंटी?"

"नहीं," ती म्हणाली. "पाव किलोच द्या. एकटीला पुरे."

आपण मराठीत बोललो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. भेंडी घेऊन ती घराकडे चालू लागली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत डोळे भरून आले होते, आणि त्या दिवशी तिने ते पुसले नाहीत.