माकड हजर नसताना

केशोरीजवळच्या एका शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी मुलांकडून एक वस्तू करून घेते. नियम एकच. घरात डोक्याला ताप काय आहे ते आधी शोधायचं आणि मग त्यावर चालेल असं काहीतरी हातानं बनवायचं. थर्माकोलचे ज्वालामुखी माझ्याकडे चालत नाहीत.

त्या वर्षी सातवीतल्या एका मुलीनं माकडं निवडली. तिच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, आहेत. माकडं त्यावरून उड्या मारत जात आणि नेमकी तिच्या खाटेवरची कवेलू फोडत. खाट हलवायला जागा नव्हती, बाकी खोलीत धानाची पोती होती. चांदण्या दिसतात इथवर ठीक होतं, पण एकदा फुटक्या कवेलूचा तुकडा उशीवर पडला.

तिनं तीन बांबू घेतले. एका बाजूनं पोकळ, मधे खिळ्यावर झुलणारे. नळाचं पाणी भरलं की बांबू वाकतो, पाणी सांडतं, आणि हलका झालेला बांबू मागे जाऊन तेलाच्या रिकाम्या पिप्यावर आपटतो. ठक. गटातल्या दोघींनी पिपे आणले, करवत मी चालवायला शिकवली.

वस्तू झाली, पण तिचा बाप ती छपरावर चढवायला तयार होईना. "साहेब चालते म्हणला तं चढवतो," तो म्हणाला. "नाई म्हणला तं बांबू फाडून वालाच्या येलाले लावतो." प्रदर्शनाला वस्तू निवडायला तालुक्याहून साहेब येणार होते, त्या दिवशी तो शाळेत येऊन भिंतीला टेकून बसला. मुलगी माझ्यापेक्षा त्याच्याकडेच बघत होती.

साहेबांनी तिन्ही बांबू वाजताना पाहिले. मान हलवली.

"मस्त है. पण माकड पळते का?"

"पळते, साहेब," मुलगी म्हणाली.

"पळवून दाखव ना मग. माकड कुठं आहे?"

वर्षभर खिचडीच्या वेळी आमच्या भिंतीवर माकडांची रांग लागते. त्या दिवशी एकही नव्हतं. हेडमास्तरांनी आठवीच्या मुलांना पेरू घेऊन पिटाळलं. भिंतीवर खिचडीचं ताट ठेवलं, ते कुत्र्यानं संपवलं. खिचडी शिजवणाऱ्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज हाकलू हाकलू हात दुखते. आज पाहुण्यावानी बोलवून राहिलो तं भाव खाऊन राहिले."

साहेब घड्याळ बघू लागले. तेव्हा हेडमास्तरांना गावातले दंडारवाले काका आठवले. दरवर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री आमच्याकडे दंडार होते, आणि त्या नाचगाण्यात माकडाचं सोंग हेच काका घेतात. वय पन्नाशीच्या पुढे. मला वाटलं साहेब चिडतील. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

काका आले ते तोंडाला काळा रंग लावून, कमरेला तारेची शेपटी बांधून. उशीर का झाला असं विचारलं तर म्हणाले, "रंग सुकल्याबिगर माकड होता येत नाई, मॅडम." शिडीनं ते स्वयंपाकघराच्या टिनावर चढले, काख खाजवली, सगळ्यांकडे बघून दात विचकले. मुलीनं नळ सोडला.

ठक. ठक. ठक.

काकांनी कान टवकारले. मग एक खांदा हलला. मग दुसरा. पुढच्या ठोक्याला त्यांनी पाय उचलला आणि टिनावर चक्क नाचायला लागले. सहावीच्या मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. बापानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढला.

"काका, पळा ना!" मुलगी ओरडली.

"काऊन पळू वो? ताल चांगला हाय."

"तुम्ही माकड हाव ना!"

"मंडईत बी माकडच रायतो. कधी पळालो का? आमच्या खेळात राक्षस पळते."

साहेब म्हणाले, "माकड पळालं नाही," आणि पेनाचं टोपण काढलं.

मुलीनं नळ बंद केला. रडेल असं वाटलं होतं, पण ती बांबूंसमोर उकिडवी बसली. तिन्ही एकाच लांबीचे होते. पट्टी लावून सारखे कापा, हे मीच बजावलं होतं. सारखं पाणी, सारखा वेळ, म्हणून ताल.

"मॅडम, एक तोडू का?"

मी करवत दिली. तिनं एक बांबू वीतभर कापला, दुसऱ्याच्या तळाशी ओली माती ठोकून बसवली, तिसरा तसाच ठेवला आणि पुन्हा नळ सोडला.

ठक. ठक-ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक.

काकांनी पाय उचलला, ठोका पडलाच नाही. पाय ठेवला आणि ठोका पडला. दोनदा तोल गेला. तिसऱ्यांदा त्यांनी शेपटी हातात गोळा केली. "बंद करा बे ते!" म्हणत शिडीनं खाली उतरले आणि सरळ फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

"पळालं, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

"पळालं कुठं? शिडीनं उतरलं."

"वयाच्या मानानं पळालंच म्हणा."

साहेब हसले, पण ऐकेनात. खरं माकड पळताना दाखवाल तेव्हा निवडू, असं सांगून जेवून निघून गेले. मुलगी पिपे उलटे करून पाणी काढू लागली. बाप उठून लिंबाखाली गेला. मी पेरू गोळा करत मागेच होते.

"काय गा, खरंच तरास झाला का सोंग करून राहिला?" बापानं विचारलं.

"सोंग?" काका रंग पुसत म्हणाले. "पुढचा ठोका कवा पडन, कवा पडन, जीव त्यातच अडकते ना. डोका उठला गा. मी खरा माकड असतो तं या गावात आलो नसतो."

बाप परत आला. त्यानं दोन पिपे काखेत मारले.

"साहेब तं नाई म्हणला," मुलगी म्हणाली.

"साहेबाच्या घरावर स्लॅब हाय. तू बांबू धर."

त्यांच्या घरच्या नळाची नळी छपरापर्यंत पुरणार नाही हे मला दिसत होतं. शाळेच्या बागेची काढून दिली.