कुकरची तिसरी शिट्टी

गुरुवारी सकाळी संगणकाने विचारले, अपडेट करू का. मी होय दाबले. त्यानंतर पत्नीच्या पाठाचा व्हिडिओ लागेना.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. ती वारली त्याच्या काही वर्षे आधी एका शैक्षणिक संकेतस्थळासाठी तिने घरीच पाठ रेकॉर्ड केला होता: हरभरा कसा रुजतो. अकरा मिनिटे. तिचा आवाज असलेली माझ्याकडची एवढी एकच गोष्ट. फाइल होती, पण ती फक्त त्या कंपनीच्या प्लेअरवर चालायची. अपडेटने तो प्लेअर काढून टाकला होता आणि कंपनी केव्हाच बंद झाली होती.

मंगळवार पेठेत संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई तिच्याच विद्यार्थिनी. त्यांनी एक फुकटचा प्लेअर लावून पाहिला. जगभरची माणसे आपापल्या वेळात तो लिहितात, आतली रचना सगळ्यांना खुली असते, असे त्यांनी सांगितले. पडद्यावर पत्नी आली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"माझं काय चुकलं?" मी विचारले.

"तुमचं न्हाय वो सर. कंपनीनं आवाज कुलपात घातला आन् किल्ली घिऊन गेली की. आमच्या बाईंचा आवाज मला पाठ हाय, पर ह्या मशिनला न्हाय."

त्यांनी तो फुकटचा प्लेअर लिहिणाऱ्या लोकांना लिहिले. उत्तर आले: प्रयत्न करतो, पण फाइलचा छोटा तुकडा लागेल. तो आमच्या साठ्यात सर्वांसाठी खुला राहील. प्लेअरमध्ये बदल केला की दर वेळी तो वाजवून पाहू, म्हणजे पुन्हा बिघडणार नाही.

कोणता तुकडा द्यायचा? पाठाच्या मध्यावर ती बोलता बोलता थांबते आणि स्वयंपाकघराकडे मान वळवते, "अहो, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा की!" मग हसते आणि पुन्हा हरभऱ्याकडे वळते. कंपनीने ते कापले नव्हते. मी ते दुकानात सांगितले.

"कुकरच पाठवा की सर," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "वाजू दे जगभर. तुमी गॅस बंद केला न्हाई, हे समद्यांस्नी कळू दे."

"केला होता," मी म्हणालो. आणि हरभऱ्याचे मूळ आधी खाली जाते, ते बारा सेकंदांचे वाक्य दिले.

पुढचे तीन आठवडे मी सकाळी दहाला आणि जेवणानंतर मेल पाहत होतो. एका दुपारी तिचे कुकरचे वाक्य कागदावर लिहून काढले. शब्द सगळे आठवले. पण 'अहो'वर तिचा आवाज वर जायचा की खाली, हे सांगता येईना. मी मोठ्याने म्हणून पाहिले. तो माझाच आवाज होता. त्यानंतर ते वाक्य उच्चारायचीच भीती वाटू लागली. माझ्या आवाजाने तिचा पुसला जाईल असे वाटे.

चौथ्या आठवड्यात दुकानातून फोन आला, "सर, या. बाई बोलाय लागल्यात."

दुकानात गिऱ्हाइके होती. दुकानातल्या बाईंनी हेडफोन माझ्या हातात दिला. सुरुवातीला खरखर होती. मग हरभरा, मूळ, कोंब. मी टेबलाची कड धरून बसलो. 'अहो'वर आवाज वर जातो.

खरखर अजून आहे. बारा सेकंद त्या लोकांच्या साठ्यात आहेत. कुकर माझ्याकडे आहे.