हर्मिलाची खिडकी

निकानोरला मी तोंडावर गाढव म्हटलंय, तेव्हा पाठीमागे काही वेगळं सांगणार नाही. पण कष्टाळू गाढव हो! अमेरिकेत, नेब्रास्कातल्या या गावात, गुरं कापायच्या कारखान्यात त्याने उभी हयात सुरी चालवली. बोटं अशी आखडली की शर्टाची बटणं त्याची बायको हर्मिला लावून द्यायची. मी त्यांची शेजारीण ओब्दुलिया. त्यांच्या लेकीची मी धर्ममाता, त्यामुळे त्या घरात तोंड घालायचा हक्क मला चर्चनेच दिलाय.

आम्ही मेक्सिकोहून आलो तेव्हा इथल्या मोठ्या रस्त्यावर निम्म्या दुकानांना फळ्या ठोकलेल्या होत्या. पोरं नाहीत म्हणून शाळा बंद करायचं घाटत होतं. आता त्याच शाळेत वर्ग पुरत नाहीत, आणि बाकांवर बघाल तर बहुतेक आमचीच पोरं. पेपरवाले लिहितात, राज्यात आपला माणूस वाढला, त्याची परिस्थितीही सुधारली. सुधारली ना! पण निकानोरची सुधारणा बघायची तर सीमेपलीकडे, मेक्सिकोत, एल साउसालला जावं लागे. तिथे, आमच्या मूळ गावी, तो दुमजली घर बांधत होता. सज्जा, लोखंडी फाटक, आणि स्वयंपाकघरात सिंकसमोर मोठी खिडकी. खिडकी हर्मिलासाठी. नवी नवरी असताना ती एकदा म्हणाली होती, "भांडी घासताना बाहेरचं दिसावं, बस्स." ते त्याने मनात धरून ठेवलं.

आणि इथे ती बाई चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, भिंतीकडे तोंड करून भांडी घासत होती. साधा पडदा आणते म्हणाली तरी हा म्हणायचा, "कशाला? आपण इथे पाहुणे." शाळेच्या कोपऱ्यावर एका स्वीडिश म्हातारीचं घर विकायला निघालं. हर्मिला सकाळी नातवंडांना सोडायला जायची आणि कुंपणापाशी रेंगाळायची. मला म्हणाली, "ओब्दुलियाताई, हे घर मिळालं तर मी कुठे म्हणून जाणार नाही."

तेवढ्यात निकानोर कामावरून कायमचा मोकळा झाला.

"सामान बांध," म्हणाला. "मी पुढे जाऊन वीज-पाणी बघतो. महिन्याभरात तू ये."

"नातवंडं पण बांधू का सामानात?"

"ती येतील की जत्रेला."

"जत्रेला पाहुणे येतात. मला पोरं रोज मांडीवर लागतात."

मी मध्ये पडले, "अरे गाढवा, जरा ऐक तिचं!" पण ऐकेल तो निकानोर कसला! फेब्रुवारीत गेला. हर्मिला खोकी भरायला लागली. एक भरायची, दुसरं रिकामं करायची. मला बघवेना.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराच्या दारात निकानोर उभा. घरी जायची हिंमत होईना म्हणून आधी माझ्याकडे.

"ताई, गावात कुणी नाही."

"म्हणजे?"

"कुणीच नाही. चार म्हातारी माणसं आणि कुत्री."

आता बघा, चूक कुठे झाली ती. आम्ही सगळे गावी जातो ते डिसेंबरात, जत्रेला. तेव्हा गल्ल्या भरलेल्या, बँड वाजतोय, दारोदारी माणसं. इतकी वर्षं निकानोरने गाव पाहिलं ते जत्रेतलं. त्याला वाटायचं, गाव तसंच असतं. अहो, ती गर्दी आमचीच होती!

"केस कापायला फिदेन्सियोकडे गेलो. कुलूप."

"असणारच! तो इथे बेकरीशेजारी कापतो की!"

"माहीत होतं, ताई. तरी पाय गेले." मग दारातच टेकला. "खिडकीत उभा राहिलो. समोर नवी घरं, सगळी बंद. ज्याचं ज्याचं घर, तो तो इथे." आणि धाय मोकलून रडला. हर्मिला केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. एवढंच म्हणाली, "जेवलात का?"

गावाकडचं ते घर विकलं गेलं नाही. घेणार कोण? प्रत्येकाचं तिथे स्वतःचं एक कुलूप आहे. आणि इथलं स्वीडिश म्हातारीचं घर तोवर ग्वाटेमालाच्या एका जोडप्याने घेतलं. हर्मिला दोन दिवस भरलेली खोकी रिकामी करत बसली.

तिसऱ्या दिवशी निकानोरने जावयाची करवत आणली आणि इथल्या सिंकसमोरचा पत्रा कापायला घेतला. आखडलेली बोटं, सारखी सुटायची. कुणाला हात लावू देईना. संध्याकाळपर्यंत भोक पडलं, चौकट बसली, काच बसली. एक बाजू चांगलीच खाली.

"वाकडी आहे," हर्मिला म्हणाली.

"तिकडची सरळ आहे."

"तिकडचीतून काय दिसतं?"

इकडचीतून माझे दोरीवरचे कपडे दिसत होते, आणि पलीकडे शाळेची बस थांबते तो कोपरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. बस आली. नातवंडं उतरली, धाकटीने खिडकीकडे बघून हात हलवला. हर्मिलाचे हात पाण्यात तसेच राहिले. मग ती जराशी बाजूला सरकली आणि ओलं ताट निकानोरच्या हातात दिलं.

"या, इथे उभे राहा," म्हणाली. "तुम्ही पुसा."