पाइपातलं कुंकू

सोपानतात्यांसारखा टर्नर अख्ख्या बारामतीत नाही, असं आमचे मालक मोहनराव येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. तात्या कळंबहून एसटीनं यायचे, जळोचीच्या आमच्या वर्कशॉपात सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि कुणी काम बिघडवलं की त्याच्या सात पिढ्या उद्धारायचे. मी, गोकुळ, त्यांच्या शेजारच्या लेथवर धातू कातायचो. पिढ्या बहुतेक माझ्याच.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका संशोधन केंद्राचं काम आलं. कितीतरी देशांचे शास्त्रज्ञ मिळून तिथं एक यंत्र उभारत होते. अणूहून बारीक कणांचा झोत लांबलचक पाइपातून पळवायचा. भारताच्या वाट्याच्या पाइपांपैकी बारा आमच्याकडे. तात्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरलेले. जाता जाता एवढं काम आपल्या हातून पुरं व्हावं, हीच त्यांची इच्छा. पाइपांना ते लेकरासारखं जपत.

खंडेनवमीला लेथची पूजा झाली. तात्यांनी एका तयार पाइपाच्या तोंडात आतून कुंकवाचं बोट ओढलं. त्यांचं बघून मी दुसऱ्यात ओढलं. नंतर दोन्ही फडक्यानं पुसली.

पंधरा दिवसांनी तपासणीला केंद्राच्या भारतातल्या गटाच्या इंजिनियर उत्कर्षा मॅडम आल्या. म्हणाल्या, "पाइपातली हवा पार उपसून काढतात. बोटाचं तेल राहिलं तरी त्याची वाफ सुटते, झोत विस्कटतो."

तात्या उठून उभे राहिले. "म्याडम, एका पाइपात मी कुंकू लावलंय. पुसलं, पर लावलंय."

मोहनरावांचा चेहरा पडला. मॅडमनी दिवे घालवायला सांगून जांभळा दिवा आत धरला. कुंकवात हळद असते, पुसली तरी त्या उजेडात चमकते. बोट दिसलं. मग त्यांनी सगळेच पाइप पाहिले. आणखी एकात बोट चमकलं. ते माझं होतं.

"ते बी माझंच," तात्या म्हणाले.

पाइप पुन्हा धुतले, तापवले, तपासले, पास झाले. पण मोहनरावांनी तात्यांना त्या कामावरून काढलं आणि ते मला दिलं. तात्या चार महिने गेटाच्या बिजागऱ्या करत बसले आणि तसेच निवृत्त झाले. निरोपाला साधा नारळसुद्धा नाही. मी भ्याडासारखा गप्प राहिलो.

या सोमवारी मॅडमचा फोन आला. पहिल्याच चाचणीत झोत सगळ्या पाइपांतून आरपार गेला होता. पाठोपाठ मेलवर प्रमाणपत्र आलं, त्यात कारागीर म्हणून माझं नाव. मोहनरावांनी पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच लेथवर ठेवला. मी गाडी काढली आणि कळंब गाठलं.

तात्या वांग्यात खुरपत होते.

"तात्या, झोत गेला पाइपातनं."

"कुठं आडला न्हाय न्हवं?"

"न्हाय."

ते बांधावर बसले. डोळे पुसले, हसले. मला राहवेना.

"तात्या, दुसरं बोट माझं हुतं."

"ठावं हाय. मी कुठल्या पाइपाला हात लावला, मला कळत न्हाय व्हय?"

"मग तवा माझं नाव का न्हाय घेतलं?"

"माझं चार म्हैनं उरलं हुतं. तुजी ईस वर्सं." त्यांनी पुन्हा खुरपं उचललं. "मोहनरावास्नी कवा सांगतूस?"

"उद्या," मी म्हणालो.

"आज का न्हाय?"